जुन्या मोटारसायकलचा पुढचा शॉकअप: सील बदलण्याआधी काय काय तपासावं

कोकणात जुनी मोटारसायकल वापरणाऱ्याच्या वाट्याला पुढच्या शॉकअपमधून तेल गळणं कधी ना कधी येतंच. गॅरेजमध्ये नेली की ठरलेला इलाज होतो. दोन्ही ऑईल सील (तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्या) नवी, तेल नवं, गाडी घरी. पाऊस सरायच्या आत पुन्हा पाईपवर तेलाचा ओघळ दिसतो आणि पुन्हा सील बदललं जातं. 'हल्ली माल चांगला येत नाही' असं म्हणून सीलला दोष देतात, आणि ज्या पाईपने ते सील फाडलं तो मात्र गाडीवर तसाच राहतो.

म्हणून समुद्राकाठच्या गाडीत सील बदलण्याआधी पाईप तपासा, आणि पाईपकडे वळण्याआधी दुखणं खरोखर शॉकअपचंच आहे का याची खात्री करा. यातलं बहुतेक काम शॉकअप न उघडता, घरच्या खळ्यात होतं. आरएक्स १००, सीडी १००, सुरुवातीच्या स्प्लेंडर, जुनी बुलेट, येझदी अशा साध्या टेलिस्कोपिक शॉकअपच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. ज्यांनी पहिल्यांदाच अशी गाडी विकत घेतली आहे, किंवा काकांची गाडी पडवीतून बाहेर काढली आहे, त्यांना याचा जास्त उपयोग होईल.

आत असतं काय

वरचा चकचकीत, क्रोम चढवलेला भाग म्हणजे पाईप. तो वर हँडलच्या प्लेटमध्ये आणि खाली 'टी'मध्ये, म्हणजे दोन्ही पाईप धरून फ्रेममध्ये फिरणाऱ्या भागात, आवळलेला असतो. खालचा अॅल्युमिनियमचा जाड भाग म्हणजे बॉटम. चाकाचा एक्सल त्यातूनच जातो. खड्डा आला की बॉटम पाईपवर वर सरकतो. आत लांब स्प्रिंग असते, ती वजन पेलते. तिच्या खाली भोकं पाडलेली एक दांडी असते. दाबलं-सोडलं की तेल त्या बारीक भोकांतून जातं आणि उसळी आवरली जाते. स्प्रिंग गाडी उचलून धरते आणि तेल तिला नाचू देत नाही, एवढं ध्यानात राहिलं तरी अर्धी लक्षणं आपोआप उलगडतात.

बॉटमच्या तोंडाशी ऑईल सील बसतं. त्याच्या वर ते जागेवर धरणारी लॉक रिंग, आणि सगळ्यात वर धूळ अडवणारं डस्ट सील. बॉटमच्या तळाला आतली दांडी पकडणारा अॅलन बोल्ट असतो, त्याखाली तांब्याचा वायसर. बऱ्याच जुन्या गाड्यांना तळाशी तेल काढायचा छोटा स्क्रूही असतो.

आधी शॉकअपला निर्दोष धरा

पहिलं काम टायरमधली हवा. हवा कमी असेल तर हँडल जड लागतं आणि वळणावर गाडी ओढल्यासारखी वाटते. जास्त असेल तर प्रत्येक खडी मनगटाला कळते आणि माणूस म्हणतो शॉकअप कडक झाला. गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी हवा, टायर थंड असताना भरा, आणि मगच पुढचं बोला.

दुसरं, चाक. गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागच्या कॅरियरवर वजन टाकायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर चाकाचं बेअरिंग बघा. चाक फिरवून रिम डुगडुगते का पाहा, आणि आऱ्यांवर स्क्रू ड्रायव्हरने हलकं वाजवत जा. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. मडगार्डचे बोल्ट, हेडलाईटचे कान, हँडलचे क्लॅम्प हाताने हलवून बघा. शॉकअपचा म्हणून सांगितला जाणारा आवाज कितीदा तरी सैल मडगार्डचा निघतो.

ड्रम ब्रेकच्या गाडीत आणखी एक जागा आहे. ब्रेक प्लेटला एक खाच असते आणि बॉटमवरचा उंचवटा त्या खाचेत बसतो. ब्रेक दाबला की चाकाबरोबर प्लेट फिरू नये म्हणून ही सोय. खाच झिजली असेल तर ब्रेक लावताना 'टक' होतं, आणि ते अगदी शॉकअपमधून आल्यासारखं वाटतं. प्लेट हाताने पुढेमागे हलवून पाहिली की समजतं.

दाबून पाहणे

आता गाडी स्टँडवरून काढा. शेजारी उभं राहा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून शॉकअप नीट खाली दाबा, मग भार सोडा. चांगला शॉकअप एका दमात वर येतो आणि थांबतो. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर असा झुलत राहिला तर तेल कमी आहे, पातळ पडलं आहे किंवा आतली दांडी झिजली आहे. या जुन्या छोट्या गाड्या नव्या असतानाही मऊच असायच्या. त्यामुळे शक्य असेल तर त्याच मॉडेलची धड असलेली दुसरी गाडी दाबून बघा, अंदाज बरोबर येतो.

दाबताना अडकत अडकत जात असेल, म्हणजे आधी जोर लावावा लागतो आणि मग एकदम सुटतो, तर शॉकअपचे दोन्ही पाय, म्हणजे डावी-उजवी बाजू, समांतर नाहीत किंवा पाईप वाकलाय. त्याकडे पुढे येऊ. वर येताना शेवटी 'ठक' असा धातूचा आवाज आला तर बहुधा तेल कमी आहे.

आणखी एक साधी युक्ती इथेच करून ठेवा. डस्ट सीलच्या अगदी वर, पाईपभोवती एक बारीक रबर बँड किंवा घट्ट दोरा गुंडाळा. गाडी थोडी चालवून आणा, एक-दोनदा जोरात ब्रेक लावा. शॉकअप दबताना सील दोऱ्याला वर ढकलतं आणि दोरा तिथेच राहतो. सील पाईपवर कुठपर्यंत जातं हे त्यावरून डोळ्यांना दिसतं. या खुणेचं काम आता पाईप तपासताना आहे.

तेल नेमकं कुठून येतंय

पाईप, बॉटम, एक्सलची बाजू, सगळं साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. मग बॉटमवर वरपासून खालपर्यंत टाल्कम पावडर फासा. गाडी गावातून एक चक्कर मारून आणा. ओल जिथे सुरू झाली ती गळतीची जागा.

वरून, डस्ट सीलखालून ओघळ असेल तर ऑईल सील. अगदी तळाला ओलं असेल तर अॅलन बोल्टखालचा तांब्याचा वायसर किंवा तेल काढायचा स्क्रू. हे काम किरकोळ असतं. तळाच्या गळतीसाठी वरची सील बदलली गेल्याची उदाहरणं काही थोडी नाहीत, म्हणून पावडरीचा खटाटोप टाळू नका. पाईपवर तेलाचा अगदी पुसट थर दिसतो ती गळती धरू नये. सील ओलं राहायला तेवढं लागतंच. बोट फिरवल्यावर थेंब जमला, किंवा पाईपवर धूळ चिकटून काळी कडी तयार झाली, तर मात्र सील गेलं.

डिस्क ब्रेक असेल तर ही तपासणी लांबणीवर टाकू नका. तेल डिस्कवर उतरलं की पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक लागत नाही. तेल लागलेले पॅड धुऊन वापरू नका, बदला. ड्रम ब्रेकच्या गाडीतही ओघळ टायरपर्यंत पोचला आहे का ते बघा.

एक शक्यता राहते. समुद्राकाठच्या वाळूचा कण सीलच्या ओठाखाली अडकला तरी तेल येतं आणि सील शाबूत असतं. डस्ट सील हलकेच वर सरकवा, आतली घाण पुसा, आणि एक्स-रे फिल्मची अरुंद पट्टी कापून सील आणि पाईप यांच्यामध्ये सरकवून गोल फिरवा. पट्टीच्या कडा कात्रीने गुळगुळीत केलेल्या हव्यात. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड तिथे अजिबात नको. फिल्म फिरवल्यावर गळती थांबली तर पैसे वाचले. चार दिवसांत परत आली तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

पाईप: इथे वेळ घालवा

कोकणातल्या गाडीचा खरा प्रश्न इथे आहे. पाईप पोलादी असतो, वर कठीण क्रोमचा पातळ थर. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्या थराला नजरेला न दिसणाऱ्या भेगा असतात. खाऱ्या हवेतलं मीठ पाईपवर बसतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि तो ओलावा भेगांतून खालच्या पोलादापर्यंत जातो. गंज आतून फुगतो, क्रोमचा बारीक टवका उडतो आणि खड्डा पडतो. मग शॉकअप हलला की त्या खड्ड्याची धार सीलच्या रबरी ओठावरून जाते, खड्ड्यापाठीमागे खड्डा, वर आणि खाली. नवं सील अशा पाईपवर किती टिकणार?

गंज हमखास सापडणाऱ्या जागा दोन. एक, पाईपची पुढची बाजू, जिथे चाकाने उडवलेली खडी आणि चिखल बसतो. दुसरी डस्ट सीलच्या कडेला आणि त्याच्या आत, जिथे पाणी साचून राहतं. ज्या गाड्यांच्या पाईपवर पत्र्याचं कव्हर किंवा रबरी बूट असतो तिथे वरवर सगळं छान दिसतं आणि आत पाईप खाल्लेला असतो. बूट धुळीपासून वाचवतात हे खरं, पण आत गेलेलं खारं पाणी ते बाहेर सोडत नाहीत. बूट काढल्याशिवाय पाईप चांगला आहे असं कुणी म्हणालं तर मानू नका, विशेषतः जुनी गाडी विकत घेताना.

तपासणी हाताने करायची. पाईप रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडा करा. मग नखाची कड पाईपवरून वर-खाली आणि आडवी फिरवत पूर्ण गोल फिरा. नख अडकतं तो खड्डा. डोळ्यांना दिसणारा पण नखाला न लागणारा डाग सहसा त्रास देत नाही. पातळ नायलॉनचा जुना मोजा बोटावर चढवून फिरवला तर बारीक धारही लगेच सापडते, धागा ओढला जातो.

आता तो दोरा बघा. दोऱ्याच्या वर जे खड्डे आहेत तिथपर्यंत सील एरवी पोचत नाही. ते गंज काढून, तेलाचं बोट लावून सोडून दिले तरी चालतं. दोऱ्याच्या खालचे खड्डे म्हणजे रोज सील कापणारे. त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत.

खड्डे एक-दोन आणि बारीक असतील तर १००० नंबरचा, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, पाईपभोवती आडवा, गोलाकार फिरवा. उभा घासू नका, उभ्या रेघा तेलाला वाट करून देतात. हेतू खड्डा नाहीसा करण्याचा नाही, त्याची धार मोडण्याचा आहे. मग खड्डा पेट्रोलने साफ करून दोन नळ्यांचं इपॉक्सी त्यात भरा, पूर्ण वाळल्यावर पाईपच्या पातळीला घासून घ्या. हे नीट केलं तर सील बरेच दिवस टिकतं.

खड्डे जास्त असतील तर पाईप काढून हार्ड क्रोम करून घेता येतो. जुना थर काढून, पाईप घासून, नवा क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला आणतात. ही सोय मोठ्या शहरांत मिळते; रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पाईप सहसा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईकडे पाठवावे लागतात. साधा शोभेचा क्रोम करणाऱ्याकडे देऊ नका, तो थर घर्षणाला टिकत नाही आणि मापही बिघडवतो.

तिसरी वाट नवा पाईप. तुमच्या मॉडेलचा पाईप बाजारात सहज मिळत असेल तर मी हीच वाट सुचवेन. ज्या गाडीचे भाग मिळतच नाहीत तिथे हार्ड क्रोमचा खर्च सोसावा.

पाईप अर्धा फिरवून लावला की खड्डा मागे जातो आणि गळती थांबते, असंही कोणी सांगतात. सील गोल आहे, ते पाईपला सगळीकडून धरतं. खड्डा मागे गेला तरी सीलच्या ओठाखालूनच जाणार.

हँडलचा कोन सेट

ब्रेक लावताना पुढून 'खट' येतं, ही शॉकअपची म्हणून सांगितली जाणारी सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि त्यात दोषी बऱ्याचदा कोन सेट निघतो. टी फ्रेममध्ये जिथे फिरते तिथल्या वाट्या आणि गोळ्या म्हणजे कोन सेट. काही ठिकाणी त्याला बॉल रेसर म्हणतात.

पुढचं चाक मघासारखं उचला. गाडीच्या समोर बसा, दोन्ही बॉटम खालून धरा आणि पुढेमागे ओढा-ढकला. मदतनीसाला टी आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. हालचाल त्या सांध्यात जाणवली तर कोन सेट सैल आहे. तिथे काही नाही, पण डस्ट सीलजवळ बोट ठेवल्यावर बॉटम पाईपवर डुलताना जाणवतो, तर शॉकअपच आतून झिजलाय. अगदी पुसट हालचाल चालते, डोळ्यांना दिसणारी चालत नाही.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, दोन बोटांनी फिरवा. बरोबर मध्यावर हँडल खोबणीत बसल्यासारखं थांबतं का? थांबत असेल तर वाट्यांना गोळ्यांचे खळगे पडलेत. सरळ रस्त्यावर, विशेषतः हळू चालवताना, अशी गाडी एका रेषेत राहत नाही, सारखी या बाजूला त्या बाजूला जाते. नट आवळून खळगे जात नाहीत, उलट हँडल आणखी अडकतं. पूर्ण सेट बदला, वाट्यांसकट.

आपल्याकडे खालची वाटी आधी जाते. लाल मातीचा चिखल चाकावरून थेट तिच्याकडे उडतो आणि पावसाळाभर ग्रीस धुऊन निघतं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा फवारा टीच्या सांध्यावर मारायला देऊ नका. वर्षातून एकदा, पावसानंतर, सेट उघडून नवं ग्रीस भरणं हे सील बदलण्याइतकंच गरजेचं आहे, आणि ते फार कमी जण करतात.

पिळलेला आणि वाकलेला

गाडी एकदा तरी आडवी झाली असेल तर हे तपासाच. लाल मातीत, ओल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर, घाटाच्या वळणावरच्या बारीक खडीत गाडी हळू पडते, तेव्हा पाईप सहसा वाकत नाहीत. ते टी आणि वरच्या प्लेटमध्ये पिळले जातात. चाक सरळ ठेवलं तर हँडल तिरकं दिसतं, हे त्याचं लक्षण. दोन्ही पाईपच्या उघड्या भागावर काचेचा सपाट तुकडा आडवा टेकवा. काच चारही जागी टेकली तर पाईप समांतर आहेत, डुगडुगली तर पीळ आहे.

पीळ काढायला नवे भाग लागत नाहीत. एक्सल, मडगार्डचे बोल्ट, टीचे आणि वरच्या प्लेटचे आवळणारे बोल्ट थोडे ढिले करा, चाक गुडघ्यांत धरा, हँडल सरळ करा. शॉकअप चार-सहा वेळा दाबून सोडा म्हणजे पाय आपापल्या जागी बसतील, आणि मग सगळं पुस्तकात दिलेल्या जोराने आवळा. अडकत अडकत जाणारा शॉकअप एक्सलचा नट ढिला करताच मोकळा झाला, तर दोष एक्सलच्या किंवा स्पेसरच्या चुकीच्या बसवणीत होता.

समोरून जोरात धडक बसली असेल तर पाईप मागे वाकतात, बहुधा टीच्या लगेच खाली. गाडीच्या बाजूला दहा पावलांवर उभं राहून पाहा; टीच्या वरचा आणि खालचा भाग एका रेषेत हवा. खात्री पाईप काढल्यावर होते. तो सपाट जाड काचेवर ठेवून हळू फिरवा आणि खालून उजेड कुठे दिसतो ते बघा. थोडा बाक जाणकार माणूस प्रेसवर काढून देतो. जिथे धातूला घडी पडली आहे तो पाईप सरळ करून वापरू नये, तिथे तो पुन्हा दगा देईल.

तेल काढून बघा

तळाशी स्क्रू असेल तर पाईप न काढताही आतली हकीकत कळते. दोन पारदर्शक बाटल्या घ्या, डावी-उजवी लिहा. एका बाजूचा स्क्रू काढा, ब्रेक धरून शॉकअप सावकाश दाबत राहा. जोरात दाबलं तर तेल पिचकारीसारखं उडतं. मग दुसरी बाजू. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून उन्हात धरा.

एका बाजूला तेल बरंच कमी निघालं तर गळणारी बाजू तीच, मग डाग कुठेही दिसत असो. तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाईपचं वरचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टची रबरी रिंग कडक झालेली असेल तर तेवढं पाणी वाट शोधतंच. अशा वेळी सीलबरोबर ती रिंगही बदला. तेल राखाडी, चमकदार कणांचं असेल तर चुंबक लावा. कण चिकटले नाहीत तर ते अॅल्युमिनियमचे, म्हणजे बॉटम आतून झिजतोय. बऱ्याच छोट्या जुन्या गाड्यांत वेगळा बुश (झीज सोसणारी, बदलता येणारी कडी) नसतो, पाईप सरळ बॉटमच्या आत घासत असतो, तेव्हा बॉटमच बदलावा लागतो. नुसतं काळं, वासाचं तेल म्हणजे ते वर्षानुवर्षं बदललं नाही, एवढंच.

नवं तेल भरताना वरचा बोल्ट काढावा लागतो, आणि तिथे जपायचं. स्प्रिंग त्या बोल्टला खालून ढकलत असते. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं असू द्या, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण कमी होतो. वरच्या प्लेटचा आवळणारा बोल्ट आधी ढिला करा. शेवटच्या आट्यांना पान्यावर तळहाताचा भार ठेवा आणि चेहरा बाजूला ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा.

किती तेल आणि कोणत्या नंबरचं हे पुस्तकात असतं. नुसतं तेल बदलण्याचं आणि शॉकअप पूर्ण खोलल्यावरचं अशी दोन मापं बऱ्याचदा दिलेली असतात, कारण स्क्रूतून सगळं तेल निघत नाही. औषधाची मोठी सिरिंज मापाला उत्तम. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं तेल घाला. 'थोडं जास्त घालू, कडक होईल' हा सल्ला ऐकू नका. तेल जास्त झालं की वरच्या हवेला जागा उरत नाही, मोठ्या खड्ड्यात आतला दाब वाढतो आणि नवं सील फुटतं. इंजिनातून काढलेलं जुनं तेल शॉकअपमध्ये ओतण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. त्यातली काजळी आणि धातूचे कण सीलला आणि बॉटमला खातात.

स्प्रिंग

स्प्रिंग क्वचितच मुख्य दोषी असते. बॉटम आणि टीमधलं अंतर तुम्ही नुसते बसल्यावर किती कमी होतं ते दोऱ्याने मोजा. या गाड्यांच्या शॉकअपला ढोबळमानाने १०० ते १२० मिलिमीटर हालचाल असते. बसल्याबसल्या तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून बरंच जास्त खाली जात असेल, आणि घाट उतरताना ब्रेक लावला की पुढचा भाग तळाला आपटत असेल, तर स्प्रिंग दमलीय. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना हे फार लवकर कळतं. स्प्रिंगा बाहेर काढून सपाट लादीवर शेजारी उभ्या करा. दोन्हींची उंची सारखी हवी आणि पुस्तकातल्या किमान मापाहून कमी नको. बदलल्या तर दोन्ही बदला. वर वायसर टाकून ताण वाढवणं ही तात्पुरती सोय आहे. दमलेली स्प्रिंग त्याने तरुण होत नाही.

खारं पाणी

दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडच्या जंगल जेटीवरून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने आलात, सागरी मार्गाने दिवसभर फिरलात किंवा पुळणीवर गाडी उतरवलीत, तर त्याच संध्याकाळी पाईप आणि टीचा खालचा भाग विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा. नुसतं फडक्याने पुसलं तर मीठ फासलं जातं. मासळीच्या पेट्या वाहणाऱ्या गाडीला हे रोजच करावं लागेल, पेटीतून गळणारं पाणीही खारं असतं.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. शिमग्याला चालवलेली गाडी गणपतीपर्यंत पडवीत, वर प्लास्टिकचा कागद. आतला दमटपणा कोंडतो आणि पाईप त्या एका पावसात खाल्ला जातो. जाण्याआधी पाईप धुवा, पूर्ण वाळवा, ग्रीसचा पातळ थर लावा, डस्ट सील वर सरकवून त्याच्या आतही लावा. वर सुती चादर घाला, प्लास्टिक नको. मेन स्टँडवर ठेवा. परत आल्यावर पहिली किक मारण्याआधी ते ग्रीस पुसून काढा, नाहीतर त्यात बसलेली धूळ सीलखाली जाईल.

काम करून आणल्यावर

गॅरेजवाल्या दादांना 'शॉकअप बघा' एवढंच सांगू नका. कुठून गळतं, दोऱ्याखाली खड्डे आहेत का, हँडल मध्यावर अडकतं का, हे सांगा. जुने भाग परत मागून घ्या. फाटलेल्या सीलचा ओठ एकाच जागी कापलेला असेल तर पाईपवर खड्डा किंवा रेघ आहे असं समजा. सगळीकडून सारखाच कडक झाला असेल तर सील वयाने गेलं.

गाडी ताब्यात घेताना ड्रम ब्रेकची प्लेट बघा. बॉटमचा उंचवटा तिच्या खाचेत बसला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो सुटलेला असताना ब्रेक दाबला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच जाम होऊ शकतं. एक्सलच्या नटला पिन असेल तर ती लावलेली आहे का तेही बघा. डिस्क असेल तर गाडी हलवण्याआधी लिव्हर दाबून ब्रेक कडक होतोय याची खात्री करा.

मग खळ्यातच दोन चकरा, मग मोकळ्या रस्त्यावर हळू. शंभरेक किलोमीटर झाले की टी, वरची प्लेट आणि एक्सल यांना पुन्हा एकदा पाना लावून बघा. कोन सेट नवा बसवला असेल तर चाक उचलून तो पुढेमागे ओढून पाहा. नव्या वाट्या फ्रेममध्ये पक्क्या बसतात तसा तो थोडा सैल पडतो आणि नट किंचित फिरवावा लागतो.